अडीच पानांचा शब्द

१२ ऑक्टोबर

अक्का,

म्हणजे खापर परत माझ्याच डोक्यावर. मी विचारलं काय, तू दहावीचा फॉर्म भरलास का. आणि तू उत्तर दिलंस काय, "तू आठवीत शाळा सोडली नसतीस तर मला बत्तिसाव्या वर्षी पुस्तक उघडावं लागलं नसतं." अगं, याचा त्याच्याशी काय संबंध? मी शिकलो असतो तर माझ्या सर्टिफिकेटावर तुला बढती देणार होते का हॉस्पिटलवाले?

आणि ते फाटक. ते आता मला पाठ झालंय. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि तू चौदाची. तू नववीतून नाव काढलंस, मला शाळेत सोडायचीस आणि मी पळू नये म्हणून तासभर फाटकाशी उन्हात उभी राहायचीस. सगळं कबूल. इतकं करून मी दगड तो दगडच राहिलो, तेही कबूल. आता पुढे बोलूया का?

तुमच्या कापडाच्या स्टोअरचे काका रिटायर होणार आणि मेट्रनबाईंनी स्वतः तुला बोलावून सांगितलं, दहावी हो, खुर्ची तुझी. सोळा वर्षं उभ्यानं चादरींच्या घड्या घातल्यास. गुडघे कुरकुरतात म्हणून तूच लिहितेस. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, किल्ली आहे. आणि तू म्हणतेस, या वयात लोक हसतील. हसू देत. मला रोज हसतात, मी काय वाळून गेलो?

माझं म्हणशील तर काँक्रीटचे बाक, कुंड्या आणि गटारावरची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिसरा महिना चालू आहे. ही कितवी नोकरी असं विचारू नकोस, मीच मोजायचं सोडलंय.

फॉर्मचे तीनशे नव्वद पाठवतोय. यातून अप्पांना बनियन घेतलेस तर याद राख.

तुझा
भिंगरी


२६ ऑक्टोबर

भिंगरी,

फॉर्म भरला. तुझ्या पत्रानं नाही, अप्पांनी भरायला लावला. रोज सकाळी चहाच्या वेळी "भरलास का?" म्हणायचे, आणि त्यांचा दातांचा सेट कपाटावर असल्यामुळे ते "भल्लाछ का" असं ऐकू यायचं. शेवटी तो आवाज बंद व्हावा म्हणून भरला.

संध्याकाळच्या वर्गालाही जाते. बाकीचे विषय जमतील. गणित तर रोजचंच आहे, वॉर्डात किती चादरी गेल्या, किती आल्या, कुठल्या वॉर्डानं उशीचे अभ्रे दाबून ठेवले. पण इंग्रजी. रद्दीवाल्याकडून एक जाडजूड डिक्शनरी घेतली, पुठ्ठा नाही, पण पानं सगळी आहेत. सरांनी सांगितलं, रोज एक सोपा शब्द घ्या. मी म्हटलं, आपण कामावर दिवसातून पन्नास वेळा म्हणतो तोच घेऊ. सेट. ऑपरेशनला लागणारं कापड आम्ही एका गाठोड्यात बांधतो ना, एक मोठी चादर, एक मधे भोक असलेली, चार टॉवेल, डॉक्टरांचे दोन गाऊन. त्याला सेट म्हणतात. एक टॉवेल कमी पडला तर आत डॉक्टर ओरडतात आणि ते मला बाहेर ऐकू येतं.

तर हा आपल्या घरचा शब्द म्हणून मी उघडला. अडीच पानं आहेत. अडीच पानं, एका शब्दाला. ठेवणे, बसवणे, मावळणे, घट्ट होणे, निघणे, कोंबडीनं अंड्यावर बसणे, हाड जुळवणे, ताट मांडणे. मी तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटलं. ज्या भाषेला एका शब्दावर धड उभं राहता येत नाही ती मी या वयात कशी शिकू? सरांना विचारलं, यातला कुठला खरा? सर म्हणाले, मागचं पुढचं वाचा आणि अर्थ लावा. मागचं पुढचं कळत असतं तर डिक्शनरी कशाला घेतली असती?

तू गावोगाव हिंडलास. सतरा धंदे केलेस. तूच सांग, हे लोक एकमेकांना समजतात तरी कसे?

काल शेजारच्या काकूंनी विचारलं, भाऊ सेट झाला का एकदाचा? मी म्हटलं, काकू, त्याला अडीच पानं लागतील.

अक्का


९ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. माझ्याशेजारी एक जोडीदार बसतो, फिटर आहे, त्याची भाषा वेगळी. आपली बोली शिकतोय. मी हसत होतो म्हणून त्यानं विचारलं, काय झालं. सांगितलं. तर तो ताट बाजूला सारून म्हणाला, "तुम्ही लोक बोलूच नका. तुमच्याकडे भूक लागते. ठेच लागते. नोकरी लागते. दिवा लागतो, डोळा लागतो, वेड लागतं, निकाल लागतो. खोलीवर जायला किती वेळ लागतो? पैसे किती लागतात? हे सगळं एकच काय ते लागतं?"

मी म्हटलं, "लागतं ते लागतं. त्यात काय?"

"आणि परवा तू म्हणालास, ही अक्का माझी बहीण लागते. बहीण पण लागते? ठेचेसारखी?"

मी म्हटलं, "आमची तशीच लागते."

पण मग दुपारभर डोक्यात तेच. अडीच पानं तर आपल्या शब्दाचीही भरतील, अक्का. तुला ती कुणी शिकवली? तू कुठल्या डिक्शनरीत बघितलंस की दिवा लागतो तेव्हा त्याला औषध लावायचं नसतं? वापरता वापरता आलं. मग हेही येईल. तू सगळी अडीच पानं एकदम गिळायला बघतेस. एकेक घे. मला जे भेटले ते सांगतो.

पहिल्या हॉटेलात टेबल सेट करायचो. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, ग्लास सुरीच्या टोकाशी. मी उलटं केलं तर गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, मालक बोलायचा. मग नाटकवाल्यांकडे सेट लावायला होतो. भिंत कापडाची, खिडकी रंगवलेली, दार मात्र खरं, कारण हीरो ते आपटायचा. मग दूधवाल्याकडे, तिथे दही सेट होईपर्यंत भांड्याला हात लावला की शिवी. आणि इथे काँक्रीट. संध्याकाळी साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा.

यात माझं काय होतं ते तुला न सांगता कळेल. मला दम निघत नाही. वरून बोट लावलं की कडक लागतं, म्हणून मी उघडतो. आतून ओलं असतं. गेल्या महिन्यात तीन कुंड्या हातात आल्या, म्हणजे हातात तुकडे आले. मिस्त्री म्हाताराय, ओरडत नाही. म्हणतो, "तू लहानपणी अंडी फोडून पिल्लं बघायचास का रे?" मी म्हटलं, "हो." खरंच बघायचो, तुला आठवत असेल.

एक अजून सांगायचं राहिलं. साचा उघडला म्हणजे झालं असं नसतं. पुढे पंधरा दिवस रोज पाणी मारावं लागतं. ते काम माझ्याकडे आहे, शिक्षा म्हणून.

भिंगरी


६ जानेवारी

भिंगरी,

उत्तराला दोन महिने लागले. (बघ, हेही लागलं.) तुझ्या जोडीदाराला माझा नमस्कार सांग आणि सांग की ठेचेसारखी तूच लागतोस, मला.

चाचणी झाली. गणितात एकाहत्तर. इंग्रजीत एकोणीस. सरांनी पेपर परत देताना तो उलटा करून दिला, म्हणजे शेजारच्याला दिसू नये म्हणून. वर्गात सगळे बाहेरून बसणारे आहेत, एक ड्रायव्हर, दोन शिवणकामवाल्या, पण माझ्याएवढी मोठी मीच. ती दयाच जास्त झोंबली.

काका स्टोअरमध्ये इंग्रजी शब्द विचारतात. अभ्रे मोजता मोजता मधेच म्हणतात, "चौतीस, पस्तीस, 'परवानगी' सांग, छत्तीस." मी परवानगी सांगितली की त्यांचा आकडा चुकतो आणि आम्ही परत पहिल्यापासून मोजतो. ते मेअखेर रिटायर होतात. किल्लीला त्यांनी एक हिरवा दोरा बांधलाय. म्हणाले, हा दोरा तुझ्यासाठी, माझ्या वेळी साधी सुतळी होती.

मला भीती वाटते रे. वर्गात नाही वाटत. रात्रीही नाही. पण वॉर्डातून परत येताना ती शाळा लागते, तिथेच सेंटर आहे. तुझीच शाळा. फाटकाला आता निळा रंग दिलाय. ते दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मी त्या फाटकाच्या आत कधी गेलेच नाही. तुझ्या पालकांच्या सभेलासुद्धा अप्पांना पाठवायचे, कारण मला वाटायचं, मास्तर विचारतील, तू कितवीत?

अप्पा बरे आहेत. ते पण आता डिक्शनरी बघतात, चित्रं नाहीत म्हणून परत ठेवतात.

अक्का


२० जानेवारी

अक्का,

एकोणीस म्हणजे शून्यापेक्षा एकोणीस जास्त. मला आठवीत इंग्रजीत चार होते आणि ते चार कसे मिळाले हे मला आजही कळलेलं नाही.

फाटकाचं मी काय सांगू? फाटक म्हणजे लोखंड. त्याला काही कळत नाही कोण कितवीत. सरळ आत जायचं, नंबर बघायचा, बसायचं. तू ऑपरेशनच्या दारापर्यंत गाठोडी घेऊन जातेस, आत रक्त असतं, तिथे घाबरत नाहीस आणि इथे खडूला घाबरतेस.

मी इथून निघायच्या विचारात होतो. एक जण म्हणत होता, बंदरावर काम आहे. मिस्त्रीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराचा रंधा माझ्या हातात दिला. म्हणाला, "ओतणारे पुष्कळ मिळतात. साचा बनवणारा मिळत नाही. शिकायचं तर शीक, जायचं तर जा, पण चार वाजेपर्यंत ठरव, मला रंधा लागतो." म्हणून थांबलोय. तुझ्या परीक्षेपर्यंत तरी.

पेपर झाला की त्याच दिवशी लिही. प्रश्न नकोत, फक्त कसा गेला तेवढं.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

पेपर झाले. काल इंग्रजीचाही झाला. बरा गेला.

खूप ऊन होतं. फाटकासमोर झाडाखाली लोकांनी चटया टाकल्या होत्या. एक बाई स्वेटर विणत होती, या उन्हात, मुलीच्या मुलासाठी. तिनं सांगितलं, मुलगी आत पेपर देतेय आणि नातू घरी रडतोय. एका वडिलांनी तीन तासांत तीनदा पाण्याची बाटली भरून आणली आणि मुलगा बाहेर आल्यावर ती त्याला द्यायचीच विसरले. तुला वाचून हसू येईल.

काकांनी पेढ्यांची चौकशी केली. म्हटलं, निकाल लागू दे.

अक्का


३० मार्च

अक्का,

बरा गेला म्हणजे उत्तम गेला. तू "बरा" म्हणतेस तेव्हा मी ओळखतो, आईच्या आजारातल्या त्या "बरं आहे"सारखं नाही, तुझ्या आमटीच्या "बरी झालीय"सारखं.

मला राहवलं नाही. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. मिस्त्रीनं विचारलं, निकाल? म्हटलं, निकाल काय, ठरल्यातलाच आहे. मग सुट्टीच्या दिवशी मी माझा पहिला साचा केला, एकट्यानं. हात-दीड हाताची फरशी, आपल्या दाराशी बसवायला. त्यात लाकडाची अक्षरं कापून ठोकली: "अक्का दहावी पास". ओतलं. आणि अक्का, मी रात्रभर थांबलो. बोटसुद्धा लावलं नाही. सकाळी उघडलं तर कोपरा न कोपरा शाबूत, पण अक्षरं सगळी उलटी. साच्यात उलटी ठोकायची असतात म्हणजे बाहेर सुलटी येतात, हे कळायला मला एक फरशी लागली. जोडीदार म्हणाला, समोर आरसा बसवा. दुसरी ओतली. ती सरळ आली. रोज पाणी मारतोय.

तो सेट पेपरात आला होता का? कुठला अर्थ विचारला? आणि एक कळलं नाही, त्या वडिलांनी तीन तासांत तीनदा बाटली भरली हे तुला आतून कसं दिसलं? खिडकीजवळ नंबर आला होता वाटतं. नशीबवान आहेस.

भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरी,

खिडकीजवळ नव्हता. मी आत गेलेच नाही.

चार पेपर दिले. ते चांगले गेले, ते खोटं नाही. तेव्हा सर सोबत होते, आमच्या वर्गाला घेऊन सगळ्यांच्या आधी आत शिरायचे. इंग्रजीच्या दिवशी ते आजारी पडले. वर्गातले बाकीचे आधीच आत गेले होते, मी एकटी पोचले. फाटकाशी गर्दी, बहुतेक पोरं पंधरा-सोळाची, तोंडानं शब्द पुटपुटत होती. माझ्या हातात पाण्याची बाटली आणि पिशवी. हॉलतिकीट पिशवीत. वॉचमन नवीन होता. चांगला माणूस, उगीच त्याला दोष नको. पोरांना आत सोडत होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पालकांनी बाहेर थांबायचं. तिकडे सावली आहे."

मी तोंड उघडलं होतं. पिशवीत हातही घातला होता. पण माझे पाय तिकडे वळले. मला सांगता येत नाही, कुणी ढकललं नाही, काही नाही. बाहेर थांबायचं म्हटलं आणि मी थांबले. त्या विणणाऱ्या बाईनं चटईवर सरकून जागा दिली. विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी म्हटलं, "भाऊ."

घंटा झाली. मग फाटक लावलं. मी तीन तास तिथे बसले. आतला पंखा ऐकू येत होता. त्या वडिलांची बाटली एकदा मीच भरून आणली.

हे तुला सांगणार नव्हते, निकालात "गैरहजर" आलं असतं तेव्हा काहीतरी थाप मारली असती. पण तू ती फरशी केलीस. आणि रात्रभर थांबलास. तू.

काकांना काल सांगितलं. ते बराच वेळ यादी तपासत राहिले. मग म्हणाले, मेट्रनबाईंनी मला आणखी सहा महिने थांबायला सांगितलंय, मी नाही म्हणणार होतो, आता हो म्हणतो. माझे गुडघे सहा महिने चालतील, तुझं तू बघ. हिरवा दोरा काढला नाही.

पुन्हा बसायचं तर जूनमध्ये फॉर्म निघतो. फी पुन्हा तीनशे नव्वद, एक विषय असो नाहीतर सगळे, माणशी तेवढीच घेतात. तू पाठवू नकोस. माझं अजून काही ठरलेलं नाही. परत तिथे एकटीनं जाणं मला होईल असं वाटत नाही. ती फरशी फोडून टाक.

अप्पांना काही सांगितलेलं नाही. ते सगळ्यांना सांगत सुटलेत, दात लावून.

अक्का


२२ एप्रिल

अक्का,

पत्र वाचलं आणि पहिला राग आला. तुझा नाही. मग तो कुणाचा ते शोधायला दोन दिवस लागले.

तुला एक सांगायचंय. अठरा वर्षं सांगितलेलं नाही. त्या शाळेच्या मागच्या बाजूला भिंत होती, मोरीजवळ, एक वीट निघालेली. तू पुढच्या फाटकाशी उन्हात उभी असायचीस तेव्हा मी त्या विटेवर पाय ठेवून पलीकडे. रोज नाही. पण पुष्कळ वेळा. दिवसभर रेल्वेच्या बाजूला, गॅरेजात, कुठेही. सुटायच्या वेळी परत भिंतीवरून आत आणि मुलांमध्ये मिसळून फाटकातून बाहेर. तू कामावरून धावत आलेली असायचीस, विचारायचीस, "आज काय शिकवलं?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. तू ते लक्ष देऊन ऐकायचीस. मला वाटायचं, माझ्यावर नजर ठेवतेस. आता कळतंय, तुला खरंच ऐकायचं होतं.

म्हणजे त्या फाटकाशी तू रिकाम्या शाळेवर पहारा केलास. तुझे पाय तिथे बाहेरच थांबायला शिकले, त्यात त्या वॉचमनचा काय दोष? ते मी शिकवले. "आत कोण आहे" विचारल्यावर तू "भाऊ" म्हणालीस. मी तेव्हाही आत नव्हतो गं.

फरशी फोडली नाही. मिस्त्रीनं फरशीवरचं वाचलं होतं, म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लवकर उघडलास परत." मग म्हणाला, "पण ही फुटली नाही. पाणी मारत राहा." मारतोय. उलट्या अक्षरांचीही ठेवलीय, तिच्यावर आम्ही चहाचे ग्लास ठेवतो.

बंदरावर जात नाही. साच्याचं काम जमतंय. मिस्त्रीकडे परीक्षेची सुट्टी आत्ताच मागून ठेवली. त्यानं विचारलं, "बहिणीची परीक्षा, तुला कशाला सुट्टी?" मी सांगितलं. तो हसला नाही. जोडीदार हसला, मग त्यानंच त्याच्या पोराची जुनी पुस्तकं आणून दिली. मी पहिलं पान उघडलं, झोप आली, परत उघडलं. सध्या एवढंच जमतंय. गणिताला तुझ्याकडे येईन. इंग्रजीचे मला चार आणि तुला एकोणीस, दोघांचे मिळून तेवीस, बाकीचे बघू.

फाटकाशी त्यानं परत म्हटलं, पालकांनी बाहेर थांबायचं, तर सांगू, कुणीच पालक नाही. आणि त्यानं मला विचारलं, ही तुझी कोण लागते, तर सांगीन, वर्गात माझ्यापुढे बसते.

तू पुढून शिर. मी मागोमाग आहे, आणि या वेळी भिंत बघणार नाही.

भिंगरी

ता. क. जूनची वाट बघत बसू नकोस, फॉर्म निघाल्या दिवशीच रांगेत उभी राहा. दोन मागून घे. पैसे पाठवतोय. सातशे ऐंशी.